फक्त पाणी घाला

सोडा हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. नोकरीला लागला त्या वर्षीच ऑफिसातल्या कुणीतरी ते ठेवलं आणि चिकटलं. कारण याच्या हाती कुठलीही गोष्ट दिली की ती फुगायची. दुकानदार "बघू पुढे" म्हणाला, की ऑफिसात येईपर्यंत त्याची "मोठी ऑर्डर नक्की" व्हायची. मॅनेजर जिन्यात भेटून "काय, बरं ना?" म्हणाले, की घरी पोचेपर्यंत "आज साहेबांनी मला बाजूला घेऊन बराच वेळ सल्ला विचारला" व्हायचं. आणि एकदा बोलायला लागला, की समोरच्याने "सोडा हो, सोडा आता" म्हणून कितीही विनवलं तरी सोडायचा नाही. त्यामुळे नाव दोन्ही अंगांनी बसलं.

तो विक्रीचं काम करायचा. कंपनी पॅनकेकचं तयार पीठ विकायची. पाकिटावर एक बाई हसत उभी. तिच्या हातात पॅनकेकची उंच चळत, वर वितळणारा लोण्याचा गोळा, आणि खाली ठळक अक्षरांत "फक्त पाणी घाला". पाणी घालून तव्यावर जे तयार व्हायचं त्याचा त्या चित्राशी दूरचाही संबंध नव्हता. पीठ जिथे पडेल तिथे पसरायचं आणि तसंच पडून राहायचं. ना वर उठायचं, ना कडेला फुलायचं. गरम खाल्लं तर चिवट लागायचं. गार झाल्यावर टेबलाचा डुगडुगणारा पाय टेकवायला बरं पडायचं.

सोडाची बायको चष्म्याच्या दुकानात होती. आठवडाभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवायचे, काड्या वाकवायच्या, इवलेसे स्क्रू आवळायचे, आणि "अक्षरं नीट दिसतात का?" असं दिवसातून शंभरदा विचारायचं. रविवार तेवढा तिचा. त्या दिवशी सकाळी ती घरच्यांसाठी पॅनकेक करायची. पाकिटातले नव्हेत, अगदी पहिल्यापासून स्वतःच्या हाताने.

तिची रीत साधी होती, पण घाईची नव्हती. शुक्रवारी दही लावायचं. शनिवारभर ते ओट्यावर आंबू द्यायचं. रविवारी उठल्याबरोबर रवीने घुसळून लोणी वर काढायचं आणि खाली राहिलेलं ताक पातळ न करता तसंच घट्ट ठेवायचं. मैदा चाळून त्यात थोडी साखर आणि चिमूटभर मीठ. अंडी ताकात फेटायची, थोडं लोणी वितळवून त्यात ओतायचं, आणि खायचा सोडा अगदी शेवटी. मग सगळं एकत्र करून चमचा जरासा फिरवला की हात आवरायचा. गुठळ्या दिसल्या तर दिसू द्यायच्या.

"फार ढवळलं की बिघडतं," ती म्हणायची. "माणसांचंही तसंच आहे."

हे ती नवऱ्याकडे बघून म्हणायची. पण नवरा त्या वेळी स्वतःबद्दलच काहीतरी सांगत असायचा.

मंद आचेवर तवा, त्यावर पळीभर पीठ, आणि मग धीर धरायचा. वर बुडबुडे येऊन फुटले, कड कोरडी दिसायला लागली, की उलथन्याने एकदाच उलटायचा. उलटला की तो दम भरून घेतल्यासारखा वर यायचा. बोटाने दाबला तर दबायचा, बोट काढलं की पुन्हा होता तसा. सोडाची आई, म्हणजे तिच्या सासूबाई, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असे तीन खायच्या. सासूबाईंना ऐकू कमी यायचं. म्हणजे "आई, दिवा बंद करा" ऐकू यायचं नाही, आणि शेजारच्यांचं भांडण भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू यायचं.

एका रविवारी एका कारखान्याच्या कँटीनचा ठेकेदार घरी येऊन थडकला. सोडाने त्याच्या गळ्यात मारलेली पाकिटं परत घ्या म्हणून तो आला होता.

"कामगार खात नाहीत हो," तो म्हणाला. "परवा एकाने पॅनकेकला मधोमध भोक पाडलं आणि नळात वॉशर म्हणून बसवला. गळती थांबली, पण माझी अब्रू गेली."

सोडा उत्तर जुळवत होता, तेवढ्यात बायकोने आलेला माणूस म्हणून ताटलीत दोन पॅनकेक आणून ठेवले, बाजूला मध. ठेकेदाराने एक घास घेतला आणि तोंडातली तक्रार गिळूनच टाकली. दोन्ही संपल्यावर त्याने ताटली पुढे केली.

"हे तुमच्याच पाकिटातले?"

"मग काय शेजाऱ्यांच्या?" सोडा म्हणाला.

खोटं बोलण्याआधी माणूस निदान आवंढा तरी गिळतो. याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"मग आमच्याकडे असे का होत नाहीत?"

"पाणी," सोडा गंभीरपणे म्हणाला. "तुमच्याकडचं पाणी जड आहे. उकळून गार केलेलं वापरा. आणि तव्यापाशी हलक्या हाताचा माणूस उभा करा. पिठाला माणूस कळतो."

ठेकेदार पाकिटं परत करायची सोडून वर आणखी मागवून गेला. दार लागल्यावर बायकोने विचारलं, "अहो, हे काय सांगितलंत त्यांना?"

"खोटं काय सांगितलं? तू केलंस तेही पीठ, आपण विकतो तेही पीठ. पीठ ते पीठ."

त्या दिवसापासून त्या घरातला रविवार कंपनीचा झाला. कधी बेकरीवाला, कधी वसतिगृहाच्या बाई, कधी चार दुकानांचा मालक. सोडा सगळ्यांना नाश्त्याला बोलवायचा. ओट्यावर दर्शनी जागी एक रिकामं पाकीट उभं करून ठेवलेलं असायचं, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, म्हणजे ते टुमटुमीत दिसावं. पाहुणे बाहेरच्या खोलीत बोटं चाटायचे आणि आत बायको घाम पुसत पुढचा घाणा टाकायची. ती एकदा म्हणाली, "एखादा रविवार तरी मला पाय पसरून बसू द्या." यावर तो उदारपणे म्हणाला, "बस की! दहाच माणसं तर आहेत. आणि तुला काय, रविवार मोकळाच असतो."

सासूबाई मात्र पाहुण्यांच्या देखत सुनेला खणखणीत आवाजात विचारायच्या, "आज कोण गिळायला आलंय?"

"आईला ऐकू येत नाही," सोडा पाहुण्यांना सांगायचा, जणू त्यामुळे पाहुण्यांनाही ऐकू येणार नव्हतं.

त्याच्या भागात पाकिटं धो धो खपायला लागली. तक्रारीही यायच्या, पण त्यांची त्याला आता चिंता नव्हती. कुणाचं पाणी जड निघायचं, कुणाचा तवा नवा, कुणाची आच पोरकट. वसतिगृहाच्या बाईंना तर त्याने, "तुमच्या मुली पीठ कालवताना बोलत असतील," असं सांगितलं. बाईंनी स्वयंपाकघरात मौनाची पाटी लावली. पॅनकेक तरीही फुगले नाहीत, पण मुली बोलत असणारच, अशी बाईंची खात्री पटली.

माणूस दुसऱ्यांना फसवतो तेव्हा हिशोबाने फसवतो. स्वतःला फसवायला लागला की त्याला धरबंध राहत नाही. एका रविवारी पाहुणे गेल्यावर सोडाने उरलेल्या पॅनकेकचा तुकडा मोडला, तोंडात घोळवला आणि कपाळाला आठी घातली.

"आजचे जरा बसलेत गं. पाकीट जुनं होतं का?"

बायको तवा घासत होती. तिने वळून पाहिलं. "कुठलं पाकीट?"

"हेच की." त्याने ओट्यावरच्या पाकिटाकडे बोट केलं.

"त्यात कागदाचे बोळे आहेत. तुम्हीच भरलेत."

"अगं हो, तेच म्हणतोय. मुद्दा असा की पाकिटाची सर यायला तुझा हात अजून बसायला हवा. पण प्रगती आहे हं! पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारणा आहे."

बायकोने घासणी खाली ठेवली. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आता हा कामातून गेला."

त्यानंतर काही दिवसांनी खुद्द मालकांचा फोन आला. कंपनी त्यांच्या वडिलांनी काढलेली. वडिलांचा नियम असा, की घरात रोज सकाळी आपलाच माल खायचा. मालकांनी तो नियम दात आल्यापासून पाळला होता.

"तुमच्या भागात खप इतका कसा, म्हणून चौकशी केली," मालक म्हणाले. "लोक म्हणतात, तुमच्या घरी काहीतरी जादू आहे. रविवारी आम्ही दोघं येतो. माझ्यासमोर करून दाखवा."

सोडाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. पण पडला तरी नाक वर! संध्याकाळपर्यंत त्याने तोड काढली.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, "पाकीट खालून हळूच उकलू, आतलं काढून तुझा मैदा भरू, परत चिकटवून टाकू. ताक झाकणाच्या लोट्यात ठेव. उकळून गार केलेलं पाणी म्हणून सांगू."

"आणि अंडी?"

"अंडी... आधीच लोट्यात फेटून ठेव."

"मग पाणी पिवळं दिसेल."

"मालकांची नजर कशी आहे?"

"मला काय विचारता? ते अजून आमच्या दुकानात आलेले नाहीत."

तो काकुळतीला आला. नोकरीचा प्रश्न आहे म्हणाला, घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे म्हणाला. शेवटी बायको म्हणाली, "बरं."

बायको "बरं" म्हणाली की आपलं म्हणणं तिला पटलं, असं तो लग्नापासून समजत आला होता.

रविवारी मालक आणि मालकीणबाई आले. मालक जाडजूड, रुंद जबड्याचे. मालकीणबाई किरकोळ, अबोल, हनुवटीला हात लावून बसायची सवय असलेल्या. मालकांनी खुर्ची थेट स्वयंपाकघराच्या दारात ओढून घेतली. सोडा बायकोच्या मागे उभा राहून झाकणाच्या लोट्याकडे डोळ्यांनी खुणा करत होता.

बायकोने लोट्याकडे पाहिलंही नाही. तिने कपाटातून कंपनीचं कोरं, बंद पाकीट काढलं, कात्रीने त्याचं तोंड कापलं आणि पीठ भांड्यात ओतलं. मग पेला नळाखाली धरला.

"अगं, ते... ते लोट्यातलं पाणी घे ना," सोडा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"कशाला? पाकिटावर लिहिलंय, फक्त पाणी घाला. कुठलं ते लिहिलेलं नाही."

"बरोबर!" मालक मांडीवर थाप मारून म्हणाले. "वडिलांचे शब्द आहेत ते."

तव्यावर पीठ पडलं आणि पसरलं. एक बुडबुडा आला, पण एकटाच असल्याने बुजून परत गेला. सोडाने भिंतीला हात टेकला. आपण नोकरीच्या जिन्यात नेमके कितव्या पायरीवरून खाली पडणार आहोत आणि मध्ये कुठे कुठे आपटणार आहोत, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पॅनकेक ताटलीत उतरले तेव्हा ताटलीचा आवाज झाला.

मालकांनी एक तुकडा दातात धरला, मान मागे ओढून तोडला आणि चावायला लागले. चावत राहिले. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मग त्यांचे डोळे भरून आले.

"वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात पॅनकेक. दातांना काम आहे, जबड्याला काम आहे. अगदी घरच्यासारखा!"

सोडाने भिंतीवरचा हात काढला. आधी त्याचा विश्वास बसला नाही, मग बसला, आणि मग त्याला वाटायला लागलं की आपल्याला हे आधीपासूनच ठाऊक होतं.

"कितीतरी लोकांना सांगतो मी साहेब," तो म्हणाला, "पिठाला माणूस कळतो."

एवढ्यात सासूबाईंनी आपल्या ताटलीतला तुकडा बोटांत धरून उजेडात पाहिला. "सूनबाई, हे काय गं आज? चपलेचा तळ?"

"आईला ऐकू येत नाही," सोडा घाईघाईने म्हणाला.

"ऐकू कमी येतं, आणि दातही माझे नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून विचारते, हे तोडायचं कशाने?"

"थांबा आई, तुमचे वेगळे ठेवलेत," बायको म्हणाली, आणि तिने झाकलेली दुसरी ताटली आणली. तिच्यात सकाळी केलेले ताकाचे पॅनकेक होते, फुगलेले, वर लोणी घातलेले. मालकांनी कुतूहलाने त्यातला एक उचलला, दाबून पाहिला, चाखला आणि तोंड वाकडं केलं.

"यात काही नाहीच. नुसती हवा. घशाखाली गेला तरी पत्ता नाही. हे काय आहे?"

"हे मी घरी करते. दही लावून, ताक घुसळून."

"तरीच!" मालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका बाई, पण लोक घरी करायला जातात आणि हे असं होतं. म्हणून तर आमच्या वडिलांनी कंपनी काढली."

मालकीणबाईंनी त्या ताटलीतला एक घेतला. मग दुसरा. नवरा सोडाच्या पाठीवर थाप मारत असताना त्यांनी तिसराही घेतला, आणि पहिल्यांदाच हनुवटीवरचा हात खाली ठेवला.

सोडाला बढती मिळाली. आता तो गावोगाव जाऊन, पाकिटात पाणी कसं घालावं, हे इतरांना शिकवायचा. वर मालकांनी घरी पाकिटांचं एक मोठं खोकं पाठवलं, आणि ते दर महिन्याला येत राहील अशी व्यवस्थाही केली. पुढच्या रविवारी बायकोने त्यातलं एक उघडलं, पाणी घातलं, आणि नवऱ्यापुढे ताटली ठेवली. स्वतःसाठी आणि सासूबाईंसाठी तिने ताकाचे केले होते.

"हे काय? आपले नेहमीचे दे ना."

"तुम्हीच म्हणालात ना, पाकिटाची सर माझ्या हाताला नाही म्हणून? आणि मालकांनीही तोंड वाकडं केलं. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला हवा कशी वाढू?"

सोडा चावत बसला. पाहुण्यांना बोलावणं बंद झालं, कारण आता त्याची गरज उरली नव्हती. बायको रविवारी दुपारी पाय पसरून झोपायला लागली.

इकडे चष्म्याच्या दुकानात एक दिवस मालकीणबाई आल्या. म्हणाल्या, चष्मा सैल झालाय. सोडाची बायको स्क्रू आवळत असताना त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "दही किती वेळ आंबू देता?"

"दिवसभर. थंडी असली तर जरा जास्त."

"आणि ढवळायचं?"

"अगदी कमी. गुठळ्यांना घाबरायचं नाही."

"लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी तेच खातेय हो," मालकीणबाई म्हणाल्या. "यांचं पोट भरतं, माझा जबडा दुखतो."

त्यानंतर मालकीणबाईंचा चष्मा बऱ्याचदा सैल व्हायला लागला. कधी सोडा आधी घालायचा की नंतर, कधी आच किती, असं एकेक विचारून त्या जायच्या.

मग एक दिवस मालकांनी सोडाला ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आपल्या मालात काहीतरी भयंकर बिघाड आहे," ते म्हणाले. "हल्ली घरी पॅनकेक मऊ होतात. चावायच्या आत विरघळतात. फुगतात सुद्धा! आज माझ्या घरात होतंय, उद्या बाजारात झालं तर वडिलांच्या नावाचं काय? मुळापर्यंत जाऊन शोध लावा."

सोडाने चौकशी हाती घेतली आणि अर्थातच ती फुगवली. कारखान्यातल्या चाळण्या उतरवून तपासल्या. पोती उलटी केली. गोदामातली ओल, पंख्याची दिशा, पाकिटाचा डिंक, सगळ्यांवर एकेकदा संशय घेतला. पाकिटं भरणाऱ्या बायकांना तो रोज विचारायचा, "तुम्ही पिठाशी काही वेगळं वागलात का?" शेवटी तिथे काहीच सापडेना, तेव्हा मालक दौऱ्यावर असताना तो एका सकाळी त्यांच्या घरीच गेला. प्रत्यक्ष पाहणी म्हणून.

मालकीणबाईंनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं. लपवाछपवी काही केली नाही. त्याच्या समोर फ्रीज उघडून ताकाचं भांडं काढलं, मैदा चाळला, अंडी फोडली.

"हे ताक आहे," सोडा म्हणाला.

"हो. तुमच्याच बायकोने शिकवलं. लिहा तुमच्या अहवालात."

त्यांनी ताटली त्याच्यापुढे सरकवली. वर लोणी वितळत होतं. सोडाने असं काही कित्येक महिन्यांत खाल्लं नव्हतं. त्याने एक तुकडा तोडला, तोंडात ठेवला, आणि डोळे पुसले. वाफ डोळ्यांत गेली म्हणाला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि चौथा घेताना विचारायचंही विसरला.

अहवालात त्याने लिहिलं की बिघाडाचं कारण अत्यंत गुंतागुंतीचं आहे. घाईने निष्कर्ष काढणं धोक्याचं ठरेल. दर आठवड्याला जागेवर जाऊन, शक्यतो सकाळी उपाशीपोटी, पाहणी करणं गरजेचं आहे. मालकांनी तो दोनदा वाचला आणि कंपनीला असाच कष्टाळू माणूस हवा होता, असा शेरा मारला. घरचे पॅनकेक मऊ का होतात, ते मालकांना आजतागायत कळलेलं नाही. ते ऑफिसात पाकिटातले वेगळे करवून घेतात आणि दार लावून चावतात.

त्या पाहणीनंतरच्या रविवारी सोडा घरी नेहमीच्या ताटलीपुढे बसला होता. समोर बायको आणि आई ताकाचे खात होत्या.

"मालकीणबाईंचा फोन होता," बायको सहज म्हणाली. "कसे झाले होते त्यांचे?"

सोडाने तोंडातला घास फिरवला. एरवी या प्रश्नावर त्याने तासभर घालवला असता. या वेळी त्याला मोजकंच सुचलं.

"बरे होते. ताक जरा कमी आंबलं होतं."

"सांगते त्यांना," बायको म्हणाली.

बोलता बोलता त्याचा हात समोरच्या ताटलीकडे गेला. सासूबाईंनी ती उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे तोंड करून खायला लागल्या.